विश्वस्त म्हणवता, मग भरपाई का नाही?

बँक, विमा कंपनी, म्युच्युअल फंड किंवा शेअर दलाल यांपैकी कोणाचेही संकेतस्थळ उघडावे आणि पानाच्या अगदी तळाशी जावे. तिथे बारीक अक्षरांत ‘गोपनीयता धोरण’ हे शब्द असतात. त्यांवर टिचकी मारली की लांबलचक मजकूर समोर येतो. आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचे आद्य कर्तव्य आहे, त्यासाठी आम्ही सर्व प्रकारचे उपाय योजले आहेत, असे त्यात प्रारंभी म्हटलेले असते. शेवटाकडे मात्र सूर पालटतो. महाजालावरील कोणतीही व्यवस्था पूर्णपणे सुरक्षित नसते, सबब होणाऱ्या हानीस कंपनी जबाबदार राहणार नाही, परवलीचा शब्द जपणे ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी आहे! आरंभी आश्वासन आणि अखेरीस कानांवर हात. ही पद्धत रूढ होण्यामागे अमेरिकेचा मोठा हातभार आहे. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने तिथल्या वित्तसंस्थांवर ग्राहकाला गोपनीयतेची सूचना देण्याचे बंधन घातले. सूचना दिली की कायद्याचे समाधान झाले. ती कोणाला समजली की नाही, याची चौकशी करण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडील संकेतस्थळांवर आज त्याच साच्यातील मजकूर दिसतो, तोही बहुधा इंग्रजीत.

माहिती मागतो कोण? कंपनी. ती साठवतो कोण? कंपनी. तिच्या आधारे कर्ज, विमा, गुंतवणूक विकून नफा मिळवतो कोण? कंपनीच. मग ती माहिती चोरीला गेली, तर भुर्दंड ग्राहकाच्या माथी का?

कुलपाचा भ्रम

गेली अनेक वर्षे ग्राहकांना शिकवण्यात आले की, संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की निर्धास्त व्हावे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास नेटस्केप कंपनीने विकसित केलेल्या तंत्रातून हे कुलूप आले. ग्राहकाच्या संगणकापासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाणारा संदेश त्यामुळे कूटबद्ध होतो आणि वाटेत कोणी तो पकडला तरी त्याच्या हाती अगम्य अक्षरांखेरीज काही लागत नाही. तंत्र उत्तम आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण हे कुलूप सांगते ते इतकेच की, गाडीवरची ताडपत्री घट्ट बांधलेली आहे. गाडी कोणाच्या दारी निघाली आहे आणि तिथल्या कोठाराची भिंत शाबूत आहे की नाही, याविषयी ते अवाक्षर काढत नाही. भामटाही आपल्या बनावट संकेतस्थळासाठी असे कुलूप सहज मिळवतो. फसवणुकीची जवळजवळ सर्वच संकेतस्थळे आता हे चिन्ह मिरवतात, असे खुद्द गुगलनेच सांगितले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते कुलूप काढून टाकले. ज्या चिन्हावर विसंबायला एका पिढीला शिकवले, ते निर्मात्यांनीच निवृत्त केले. विश्वास तर पानिपतातच गेला!

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीचा पत्ता घेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फतच मिळतो, त्यामुळे भामट्याला तो घेता येत नाही. हे पाऊल स्तुत्य आहे. दारावरची पाटी खरी आहे, एवढी शाश्वती त्यामुळे मिळाली. आत काय ठेवले आहे आणि ते कसे ठेवले आहे, हा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

कोठाराला भगदाड

अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीचे २०१७ चे प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. नागरिकांची कर्जविषयक माहिती गोळा करून ती बँकांना पुरवणे हा या कंपनीचा व्यवसाय. तिच्या संकेतस्थळाच्या एका विभागात वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स नामक प्रणालीत दोष असल्याचे ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाले, त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध झाली. ती ४८ तासांत करावी, असा आदेश कंपनीतच निघाला. तो कागदावर राहिला. मे महिन्याच्या मध्यास चोर आत शिरले आणि ७६ दिवस वावरत राहिले. त्यांना आत एका ठिकाणी वापरनावे आणि परवलीचे शब्द चक्क उघड्या अक्षरांत लिहून ठेवलेले सापडले, आणि त्यांच्या जोरावर ते आणखी कित्येक माहितीसाठ्यांत पोहोचले. जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर पाळत ठेवणारे यंत्र कंपनीकडे होते. पण त्याचे प्रमाणपत्र १९ महिन्यांपूर्वीच संपल्याने ते आंधळे होऊन बसले होते. जुलैअखेर प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि लगेच चोरी दिसली. कंपनीने ती जगाला सांगितली ७ सप्टेंबरला. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख नागरिकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक गेलेले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने चिनी सैन्यातील चौघांवर या चोरीचे आरोपपत्र ठेवले.

चोर परका असेल, शत्रूही असेल. पण दार उघडे कोणी ठेवले? त्या १४ कोटींतल्या बहुसंख्यांनी इक्विफॅक्सच्या संकेतस्थळावर कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्यांची माहिती बँकांकडून परस्पर तिथे गेली होती. ‘परवलीचा शब्द जपा’ हा उपदेश त्यांना काय कामाचा? आणि हे सातासमुद्रापारचे प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या ज्या चार कंपन्यांना भारतात परवाना आहे, त्यांतली एक याच समूहाची आहे. आपण गृहकर्जाचा हप्ता भरतो, त्याची नोंद अशा कंपन्यांकडे जाते. आपली संमती अर्जावरील कुठल्याशा स्वाक्षरीत दडलेली असते.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी आदेश काढून भारतीयांच्या देयकव्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. बड्या विदेशी कंपन्यांनी कुरकुर केली. पण बँक बधली नाही. जुलै २०२१ मध्ये तर मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली आणि पूर्तता झाल्यावरच, जून २०२२ मध्ये, ती उठली. सार्वभौम राष्ट्राला शोभेल असाच हा बाणा होता. परंतु माहिती भारतभूमीवर आली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे मानणे हा भाबडेपणा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या भारतीय आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांचे दावे आणि वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवर कोणालाही मिळू लागल्याचे उघडकीस आले. ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती आपल्याकडे आहे, असा विकणाऱ्याचा दावा होता. आपल्यावर सायबर हल्ला झाल्याचे कंपनीने पुढे मान्य केले. एखाद्या भगिनीच्या शस्त्रक्रियेचा अहवाल चव्हाट्यावर आला, तर तो भारतीय सर्व्हरवरून आला की सिंगापूरच्या, याने तिला कोणता दिलासा मिळणार?

कुंपणाने शेत खाण्याचे प्रकारही आपल्याला नवे नाहीत. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून विश्वासाने पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या बनावट खात्यांत वळवले. त्यात संगणकाचे कोणतेही कूट फोडावे लागले नाही. परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या केंद्रांत पुढे झडती, कागद-पेन व भ्रमणध्वनी आत नेण्यास मनाई असे कडक निर्बंध रूढ झाले. आणि आपल्या ग्राहकांचे काय? आधार आणि पॅनच्या छायाप्रती दलालाच्या भ्रमणध्वनीत पडून असतात, विम्याचा अर्ज झेरॉक्सच्या दुकानात राहतो आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली की चार अनोळखी क्रमांकांवरून फोन येतात. अमेरिकी माणसाची माहिती तिजोरीत आणि भारतीयाची ओसरीवर, हा पंक्तिप्रपंच आपण मुकाट्याने सोसतो.

चोर सोडून संन्याशाला

आर्थिक फसवणुकीविरुद्धच्या जाहिराती आता सर्वत्र दिसतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नका, लोभाला बळी पडू नका. सल्ला योग्य आहे आणि प्रत्येक घरात ज्येष्ठांना तो समजावून दिलाच पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, हेही. गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशवासीयांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. एवढे सारे लोक अकस्मात लोभी आणि मूर्ख झाले काय?

भामट्याचे बोलणे खरे का वाटते, याचा विचार करावा. तो तुमचे पूर्ण नाव घेतो, विमापत्राचा क्रमांक सांगतो, हप्त्याची तारीख बिनचूक सांगतो. चाळीस वर्षे सचोटीने नोकरी केलेल्या निवृत्त शिक्षकाला वाटते, इतके ठाऊक आहे म्हणजे हा कंपनीचाच माणूस. त्याचा हा तर्क चूक कसा म्हणावा? ही माहिती कंपनीखेरीज दुसऱ्या कोणाकडे असताच कामा नये! आसाममधील एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणवणाऱ्या भामट्याने त्याला गाठून ९४ हजार रुपये लांबवले. ग्राहकाने चोवीस तासांत बँकेला कळवले. तरीही दोष तुझाच, अशी भूमिका देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती तिथे हरली. ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत उभे राहण्याचे बळ किती ग्राहकांत असते?

वास्तविक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातच नियम घालून दिला होता. चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कार्यालयीन दिवसांत कळवले, तर त्याला तोशीस लागू नये. दोष ग्राहकाचा होता, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. मात्र ओटीपी सांगितला की ती ग्राहकाची निष्काळजी ठरते आणि संरक्षण संपते. ओटीपी मागणाऱ्याला खाते, नाव आणि शिल्लक कोणाच्या निष्काळजीपणामुळे कळली, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

कायद्यातले गळालेले कलम

याचे उत्तर कायद्याने द्यायला हवे होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले आणि अनेक मसुद्यांनंतर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होतील. हा कायदा आणल्याबद्दल केंद्र सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. ग्राहकाला सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला त्याने जे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी ‘विश्वस्त’ असा आहे. सुरक्षेत कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. अभिनंदन केले म्हणून उणीव सांगायची नाही, असे मात्र नव्हे.

तो दंड जाणार कुठे? कलम ३४ नुसार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली, त्याच्या हाती एक रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४३-अ आहे. संवेदनशील माहिती हाताळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीने बाधित व्यक्तीला भरपाई द्यावी, असे ते सांगते. नव्या कायद्याचे कलम ४४ ते रद्द करते आणि मे २०२७ मध्ये ते इतिहासजमा होईल. २०१९ च्या विधेयकात भरपाई मागण्याचा हक्क स्वतंत्र कलमाने दिलेला होता. विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि नव्या मसुद्यात तो हक्क गळाला. उलट ग्राहकाची ‘कर्तव्ये’ मात्र कायद्यात अवतरली. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

भरपाईचा मार्ग पोकळ नव्हता, हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. बनावट ई-मेलला बळी पडून पुण्यातील एका उद्योगाचे ८० लाख रुपये गेले, तेव्हा राज्याच्या तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये याच माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील अधिकारात एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ग्राहकाचीही चूक होती, म्हणून पूर्ण रक्कम नाही. बँकेचीही होती, म्हणून तिची सुटका नाही. न्याय याहून वेगळा कसा असतो? ग्राहक न्यायालयाचा दरवाजा नव्या कायद्यानंतरही उघडा राहील, हे खरे. पण नवे मंडळ दंड ठोठावून मोकळे होणार, त्याच्या कक्षेतील विषयांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नसणार आणि भरपाईचे थेट कलम नाहीसे झालेले असणार. ग्राहकाने कोणत्या आधारावर उभे राहावे?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या नात्याचा बारकाईने विचार केलेला आहे. पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूला याज्ञवल्क्यस्मृती ‘उपनिधी’ म्हणते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. ठेवणाऱ्याच्या अनुमतीविना त्या ठेवीचा उपभोग घेणाऱ्याला दंड तर आहेच, शिवाय लाभासह ठेव परत करण्याची आज्ञाही आहे. राजदंड आणि ठेवमालकाची भरपाई, दोन्ही. कोणी म्हणेल, चोरांनी नेल्यास ठेव सांभाळणाऱ्याला दोष नाही, असेही तीच स्मृती सांगते. सांगतेच. पण ती सूट पेटी न उघडता सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला आहे. आजची कंपनी पेटी उघडते, आतल्या वस्तूंची यादी करते, ती जाहिरातदाराला आणि भगिनी-कंपनीला दाखवते आणि त्यावर पैसे कमावते. तिने चोराकडे बोट दाखवून सुटावे काय?

जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही, हे साधे तत्त्वही इथे कोणाला आठवत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या अॅपनी भ्रमणध्वनीतील सर्व संपर्क उचलले आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून त्याची अब्रू घेतली. काहींनी त्या छळाने जीव दिला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा अॅपना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फायली पाहण्यास मनाई केली. बैल गेला अन् झोपा केला! पाच हजारांचे कर्ज देण्यासाठी सासऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक कशाला हवा, हे पहिल्याच दिवशी विचारायला काय हरकत होती?

भरपाईचे नाव काढले की लहान संस्था बुडतील, असा आक्षेप येतो. आपल्या वाचकांपैकी कित्येकजण नागरी सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, म्हणून याचे उत्तर दिले पाहिजे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे निघाले, पुढे हाँगकाँगला रक्कम वळवली गेली आणि एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. शतकाहून जुन्या बँकेची ही गत, तर तालुक्याच्या पतसंस्थेचे काय, ही भीती रास्त आहे. पण संस्था लहान आहे, म्हणून तिच्या सभासदाने नुकसान सोसावे, हे त्या भीतीचे उत्तर नव्हे. सहकाराचा उपाय सहकारच आहे. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये जी राष्ट्रीय शिखर संस्था सुरू झाली, तिच्यामार्फत तंत्रज्ञान आणि सुरक्षा सामायिक करता येते. एकट्याने दुबळी भिंत बांधण्यापेक्षा दहा बँकांनी मिळून एक भक्कम बांधावी. आणि ज्या पतसंस्थेला सभासदाचे आधारपत्र नीट ठेवता येत नाही, तिने भ्रमणध्वनीवरील अॅपची हौस तूर्त बाजूला ठेवावी.

भरपाई मोजायची कशी, हा दुसरा आक्षेप. त्याचा नमुना घरातच आहे. कर्जविषयक नोंदीतील चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकालाच द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले आणि एप्रिल २०२४ पासून ते लागू केले. नुकसान किती झाले हे सिद्ध करत बसण्याची गरज नाही. दिवस मोजावेत, पैसे द्यावेत. माहितीच्या गळतीलाही असाच ठरावीक आकडा का नसावा? इक्विफॅक्सला २०१९ च्या तडजोडीत ७० कोटी डॉलरपर्यंतचा भार उचलावा लागला. त्यांपैकी ४२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम ग्राहकांसाठी होती. रोख भरपाईसाठी इतके अर्ज आले की प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे आले, हेही नमूद केले पाहिजे. तरी ते थोडेसे ग्राहकाच्या हाती पडले. आपल्या कायद्यात तेवढ्याचीही जागा नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाच देशात नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आज कायदा आहे आणि त्यातले एक कलम परत आणायचे आहे. मे २०२७ पूर्वी आपापल्या खासदाराला पत्र लिहून दोन गोष्टी मागता येतील : दंडाच्या रकमेतून बाधित ग्राहकाला ठरावीक भरपाई, आणि ती तरतूद होईपर्यंत कलम ४३-अ ला हात लावू नये. सोबत आपल्या बँकेला आणि विमा कंपनीला दोन ओळींचे पत्र मराठीतच धाडावे. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली आणि ती चोरीला गेली तर मला किती तासांत कळवाल? उत्तर लेखी मागावे आणि ते शाखेच्या वार्षिक ग्राहक मेळाव्यात सर्वांसमक्ष वाचून दाखवावे.